चोर सोडून संन्याशाला सूळ नको!

महाराष्ट्राची सीमा जेथे कर्नाटकास भिडते, तेथे अक्कलकोट तालुक्यात मैंदर्गी हे लहानसे नगरपरिषदेचे गाव आहे. तेथील बाजारात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा ऐकू येतात. सोलापूर ही जिल्ह्याची पेठ खरी; परंतु सीमेपलीकडचे कलबुर्गीही व्यापाऱ्यास परके नाही. अशा गावच्या दुकानदाराने मालाची प्रत आणि भाव पारखून घ्यावा, एवढे पूर्वी पुरेसे होते. आता त्यास विक्रेत्याचीही पारख करावी लागते. ज्यास आपण पैसे देणार तो सरकारदरबारी नोंदलेला आहे काय, आणि आपल्याकडून घेतलेला कर तो सरकारात भरतो काय, हे पाहिल्यावाचून रक्कम चुकती करणे धोक्याचे झाले आहे.

हा धोका कसला, हे उदाहरणानेच पाहू. समजा, मैंदर्गीच्या एका दुकानदाराने कलबुर्गीच्या व्यापाऱ्याकडून एक लाख रुपयांच्या लोखंडी सळया पोच मागविल्या. त्यावर १८ टक्के दराने १८,००० रुपये कर झाला आणि दुकानदाराने १,१८,००० रुपये चुकते केले. सळया विकताना गिऱ्हाइकाकडून जो कर मिळेल, त्यातून हे १८,००० रुपये वजा करून उरलेलाच कर सरकारात भरावयाचा, हे वस्तू व सेवा कराचे मूळ तत्त्व होय. परंतु कायद्याच्या कलम १६ मधील एका अटीप्रमाणे विक्रेत्याने तो कर प्रत्यक्ष सरकारजमा केलेला असला पाहिजे. विक्रेत्याने पैसे खिशात घालून दुकानास टाळे लावले, तर वजावट नाकारली जाते. मग आमच्या दुकानदाराने तेच १८,००० रुपये पुन्हा भरावयाचे, आणि वजावट वापरलेली असल्यास त्यावर द.सा.द.शे. १८ दराने व्याजही द्यावयाचे!

ही अट सरकारने उगाच घातली, असे आम्ही म्हणणार नाही. माल न देता नुसती बिले विकणाऱ्यांचा धंदा महाराष्ट्राने मूल्यवर्धित कराच्या काळातच पाहिला आहे. अशा ‘हवाला’ व्यापाऱ्यांची यादी विक्रीकर विभागास प्रसिद्ध करावी लागली होती. नवा कर २०१७ मध्ये आला, पण जुनी खोड गेली नाही. १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात बनावट नोंदण्यांविरुद्ध देशभर मोहीम झाली. तीत २१,७९१ नोंदणीधारक जागेवर अस्तित्वातच नसल्याचे आढळले आणि संशयित करचुकवेगिरीचा आकडा २४,०१० कोटी रुपयांवर गेला. सरकारी तिजोरीवरील या दरोड्याचा भार शेवटी सर्व नागरिकांवरच पडतो.

म्हणून व्यापाऱ्याने डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९. पुढील दहा अक्षरे विक्रेत्याचा पॅन. हा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घातला की कोणासही फुकट पाहता येते, की नाव कोणाचे, पत्ता कोठला, नोंदणी चालू आहे, स्थगित आहे की रद्द झाली आहे, आणि अलीकडची विवरणपत्रे भरली आहेत की नाहीत. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास बिलात कर लावता येत नाही आणि परराज्यात माल विकताही येत नाही. असा विक्रेता कलबुर्गीहून कर लावलेले बिल पाठवू लागला, तर तेथेच थांबावे. महिन्याच्या १४ तारखेस तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात आपले बिल उमटले की नाही, हेही पाहावे. अनेक व्यापारी मालाची किंमत आधी देतात आणि कराची रक्कम बिल तेथे दिसेपर्यंत राखून ठेवतात. ही खबरदारी योग्य आहे. मात्र त्रैमासिक विवरणपत्र भरणाऱ्या लहान विक्रेत्याचे भांडवल त्यामुळे अडकून पडते, हे विसरू नये. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण रक्कम न दिल्यास घेतलेली वजावट परत करावी लागते.

आता खरा प्रश्न असा, की एवढे सारे करूनही दुकानदार निर्धास्त होतो काय? होत नाही. तक्त्यात बिल दिसले याचा अर्थ विक्रेत्याने विक्री जाहीर केली एवढाच. कर भरला असा नव्हे. आणि आज चालू दिसणारी नोंदणी उद्या मागील तारखेपासून रद्द करण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्यास दिला आहे. ज्या दिवशी पैसे दिले त्या दिवशी सरकारच्याच संकेतस्थळाने ज्यास खरा म्हटले, तो नंतर खोटा ठरला, तर दोष पाहणाऱ्याचा कसा?

न्यायालयांचे निर्णय या प्रश्नावर एकसारखे नाहीत. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या मूल्यवर्धित कर कायद्यातील अशीच अट वैध ठरविली. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र २०१७ मध्ये, तेथील कायद्यातील तशा तरतुदीचा फटका प्रामाणिक खरेदीदारास बसता कामा नये, असा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्याच एका प्रकरणात, व्यवहाराच्या दिवशी विक्रेता नोंदणीकृत होता हे ध्यानी घेऊन खरेदीदाराची वजावट कायम केली. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये कर्नाटकातील प्रकरणात बजावले होते, की नुसते बिल आणि धनादेश पुरेसे नाहीत. माल खरोखर आला हे खरेदीदाराने सिद्ध करावे. तेव्हा ई-वे बिल, वाहतुकीची पावती आणि वजनकाट्याची चिठ्ठी व्यापाऱ्याने जपून ठेवावी. परंतु हे सारे निवाडे जुन्या राज्य कायद्यांखालचे आहेत. वस्तू व सेवा कराच्या कायद्यातील अट आहे तशीच आहे.

ती बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याने पैसे देतेवेळी नोंदणी तपासली, रक्कम बँकेमार्फत दिली आणि माल आल्याचा पुरावा राखला, त्याची वजावट विक्रेत्याच्या अपराधासाठी काढून घेऊ नये. बुडालेला कर प्रथम बुडविणाऱ्याकडूनच वसूल करावा. खरेदीदार त्या लबाडीत सामील असेल, तर ते खात्याने सिद्ध करावे आणि मग त्यास खुशाल शिक्षा करावी. नोंदणी देण्याचा, तपासण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार सरकारपाशी आहे. झडती घेण्याची आणि मालमत्ता जप्त करण्याची सत्ताही त्याच्याचपाशी. मैंदर्गीच्या दुकानदारापाशी यांपैकी काहीही नाही. त्याच्या हाती आहे तो केवळ सरकारने प्रसिद्ध केलेला शब्द. त्या शब्दावर विसंबून व्यवहार करणाऱ्यास संरक्षण देण्याचा निर्णय जीएसटी परिषदेने आता विनाविलंब घ्यावा, आणि महाराष्ट्राने त्यासाठी पुढाकार घ्यावा. सावधगिरी हे व्यापाऱ्याचे कर्तव्य खरेच. पण ते बजावणाऱ्यास अभय देणे हे सरकारचेही कर्तव्य नाही काय?