धप्प आवाजाला मालक असतो!

लाईट गेली की होम थिएटर 'धप्प' करतो. लाईट आली की पुन्हा 'धप्प'. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हे दिवसातून किती वेळा होतं ते मी सांगायची गरज नाही, तुमच्या घरचा स्पीकरच मोजून दाखवतो. कुणाला विचारलं तर तीन उत्तरं ठरलेली आहेत. दुकानदार म्हणतो, "सगळ्यांचंच असं करतंय भाऊ." मेकॅनिक म्हणतो, "लाईटीचा प्रॉब्लेम हाय." लाईनमन म्हणतो, "आमचं डीपीपर्यंत ओके हाय, तुमच्या घरात बघा." आणि आपण म्हणतो, "चालतंय."

मंडळी, भांडण या 'चालतंय'शी आहे. पत्रकाराने एवढे प्रश्न सोडून स्पीकरवर कशाला लिहायचं, असं म्हणणारे म्हणतील. म्हणू द्या. घाम गाळून कमावलेल्या पैशातून घेतलेली वस्तू खराब होते, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि भुर्दंड मात्र ग्राहकालाच बसतो. हा सार्वजनिक प्रश्न नाही तर काय आहे?

लाईट जाताना येणारा आवाज एकच नसतो. तीन वेगवेगळे आवाज असतात आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असतो. आपल्याला ते ओळखता येत नाहीत, म्हणून तिघेही सुटतात.

पहिला आवाज : जोरात 'धप्प', वूफरचा कोन बाहेर-आत हलतो.

याचा मालक अॅम्प्लिफायर बनवणारा आणि विकणारा. सप्लाय बंद झाला की आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये साठलेला करंट हळूहळू उतरतो. प्लस आणि मायनस बाजू सारख्या वेगाने उतरत नाहीत. त्या अर्ध्या-एक सेकंदात अॅम्प्लिफायरचा तोल जातो आणि गाण्याऐवजी सरळ डीसी करंट स्पीकरवर जातो. स्पीकरला डीसी म्हणजे विष. आज धप्प करतो, एखाद्या दिवशी कॉईल जळते.

याला उपाय नाही का? आहे, आणि तो फार जुना आहे. चांगल्या अॅम्प्लिफायरमध्ये एक रिले असतो. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी 'टिक' होऊन तो स्पीकर जोडतो आणि सप्लाय जाताक्षणी तोडतो. आतली गडबड स्पीकरपर्यंत पोचतच नाही. असं स्पीकर प्रोटेक्शनचं बोर्ड साधारण शंभर-दोनशे रुपयांत येतं. आपल्या बाजारात ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरची जोडी टाकून असेंबल केलेले डबे हजारोंनी विकले जातात. पुढे निळे लाईट असतात, मागे हजारो वॅटचं स्टिकर असतं, आणि शंभर रुपयांचा रिले मात्र नसतो. निळ्या लाईटला पैसे आहेत, रिलेला नाहीत! दुकानदाराला विचारा, "मालक, यात प्रोटेक्शन आहे का?" उत्तर आलं नाही तर डबा तिथेच ठेवा.

तपासायचं कसं? अॅम्प्लिफायरच्या मागे टीव्ही, डीव्हीडी, ब्लूटूथ जे काही जोडलं असेल ते सगळं काढा. आवाज शून्यावर आणा आणि बंद करा. तरीही धप्प झालं तर दोष अॅम्प्लिफायरचा. थांबलं तर तो जोडलेल्या वस्तूचा. बंद करताना 'कुंई' असा विरत जाणारा आवाज आला तर बहुतेक वेळा ब्लूटूथचं बोर्ड आधी मरतं आणि अॅम्प्लिफायर उरलेल्या करंटवर त्याचं मरण ऐकवत बसतो. दुसरी तपासणी मेकॅनिककडून करून घ्या. आवाज शून्यावर असताना स्पीकरच्या टर्मिनलवर मीटरने डीसी मोजायचा. ४०-५० मिलीव्होल्टपर्यंत असेल तर काळजी नाही. सरळ व्होल्टमध्ये दिसला तर स्पीकर लगेच काढा.

एक विनंती. डबा स्वतः उघडू नका. पिन काढली तरी आतल्या कंडेन्सरमध्ये चार्ज शिल्लक असतो. पोराबाळांना तर हात लावू देऊच नका.

दुसरा आवाज : 'टक' किंवा 'चट', फ्रीज, पंखा, मोटर बंद करताना येणारा.

याचे मालक आपण स्वतः, घरमालक. बटण बंद होताना आत बारीक ठिणगी पडते, तिचा झटका वायरीतून अॅम्प्लिफायरपर्यंत जातो. ढिलं सॉकेट, काळवंडलेलं बटण, एकाच बोर्डावर लोंबणाऱ्या चार पिना, हे सगळं आपलं कर्तृत्व. बटण बदला. फ्रीज आणि अॅम्प्लिफायर वेगळ्या पॉईंटवर घ्या. तरी त्रास राहिला तर मेकॅनिक बटणाला पॉईंट वनचा कंडेन्सर लावून देतो. तो मेन लाईनसाठी बनवलेला, एक्स-टू छापलेला असला पाहिजे. डब्यात पडलेला कुठलाही उचलून लावला तर आग लागू शकते.

आणि थ्री पिनची जाड पिन तोडून टाकायची आपली सवय! त्या पिनीला अर्थिंग म्हणतात आणि ती शोभेची नाही. पिन तोडून वाचवलेला त्रास पुढे कुणाच्या तरी जिवावर येतो. त्यावर खाली बोलतो.

तिसरा आवाज : धप्प-धप्प-धप्प. लाईट जाते, येते, परत जाते.

याची मालक वीज कंपनी. रात्री फीडर ट्रिप होतो, चालू करतात, परत ट्रिप होतो. अशा एकेका झटक्यात अॅम्प्लिफायर, टीव्ही, फ्रीज सगळे मार खातात. त्याहून वाईट म्हणजे डीपीवरचा ढिला न्यूट्रल. थ्री फेजच्या डीपीवर न्यूट्रल तुटला की एका घरात दिवा मिणमिणतो आणि शेजारच्या घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्टेज जातं. एका गल्लीत एकाच रात्री सगळ्यांचे टीव्ही जळाले असं ऐकलं की समजा, न्यूट्रल गेला. अशा वेळी "तुमच्या घरात बघा" हे उत्तर नाही, ही टोलवाटोलवी आहे.

केंद्राने ३१ डिसेंबर २०२० रोजी विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम काढले. त्यात घरगुती ग्राहकाला २४ तास वीज आणि ठरलेला दर्जा पाळला नाही तर भरपाई, असं लिहिलंय. शेतीसारख्या काही ग्राहकांसाठी तास कमी ठरवायची मुभा आयोगाला आहे, घरातल्या सॉकेटसाठी तो बहाणा चालत नाही. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांच्या नावातच 'वीज गुणवत्ता' हा शब्द आहे. म्हणजे वीज नुसती येऊन भागत नाही, ती नीट यायला पाहिजे. हा कागद मुंबईत आहे. आपल्या डीपीपर्यंत तो कधी पोचणार?

आता जिवाची गोष्ट. धप्प आवाज आणि शॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची मिसळ करू नका. पण दोघांचा रस्ता एकाच सॉकेटमधून जातो. गावातल्या मंदिरात, शाळेत, ग्रामपंचायतीत जुना अॅम्प्लिफायर असतो, पत्र्याच्या डब्याचा. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन खराब झालं की करंट डब्यावर येतो, डब्यावरून वायरीने माईकच्या लोखंडी दांड्यावर. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर माईक धरणाऱ्या माणसातून जातो. पावसाळ्यात ओल्या मंडपात, अनवाणी उभं राहून कीर्तन करणाऱ्या महाराजांच्या हातात तो माईक असतो. २६ जानेवारीला भाषण करणाऱ्या चौथीच्या पोरीच्या हातात तो माईक असतो. "माईकला जरा मुंग्या येतात" असं म्हणून आपण त्यावर रुमाल गुंडाळतो. मुंग्या नाहीत त्या, करंट आहे!

दर गणपतीत डीजेच्या डेसिबलवर आपण महिनाभर भांडतो. भांडायलाच पाहिजे. पण त्याच मंडपातल्या अर्थिंगवर एक तरी बैठक होते का?

आता एक गोष्ट अभिमानाने सांगतो आणि तितक्याच रागाने. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंचं हे यंत्र विश्वातून येणारी, अणूच्या गाभ्यापेक्षाही बारीक थरथर मोजणार आहे. अशा यंत्राचं निम्मं काम म्हणजे नको असलेला आवाज शोधून बाजूला काढणं. अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदीत तिथल्या लाईटीची ६० हर्ट्झची गुणगुण दिसते. शास्त्रज्ञ ती "चालतंय" म्हणून सोडत नाहीत, ती कुठून येते ते शोधतात. आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची. उद्या तीच गुणगुण औंढ्यात जगातले हुशार लोक शोधत बसतील आणि दहा-वीस किलोमीटरवरच्या शाळेत माईकला रुमाल गुंडाळलेला असेल. हा विरोधाभास मला सहन होत नाही. तुम्हाला होतो का?

राहिला आपला मेकॅनिक. वसमत, कळमनुरी, सेनगाव, प्रत्येक गावात एखादा जुना रेडिओ-टीव्ही मेकॅनिक अजून तग धरून आहे. त्याला शिव्या देणं सोपं आहे. पण कंपनी त्याला सर्किटचा नकाशा देत नाही, ओरिजिनल पार्ट मिळत नाही, आयसीवरचा नंबरसुद्धा घासून टाकलेला असतो. मग तो "नवीन घ्या" म्हणतो. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे, हे सरकारने मान्य केलं म्हणायचं. पण त्याचा उपयोग तालुक्याच्या टेबलावर सोल्डरिंग गन धरून बसलेल्या माणसाला होत नसेल तर तो हक्क अर्धाच.

म्हणून मागण्या चार. पुढाऱ्यांनी फोटो काढून पोस्ट करण्याइतक्या सोप्या नाहीत, पण अवघडही नाहीत.

१) प्रत्येक जिल्हा परिषद शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत कार्यालयातलं अर्थिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून, त्याचा रिपोर्ट भिंतीवर लावा. तपासणीला आयटीआयची पोरं सोबत घ्या, त्यांनाही हाताला काम शिकायला मिळेल.

२) सार्वजनिक मंडपाच्या मीटरनंतर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी सक्तीचा करा. परवानगीच्या कागदावर वर्गणीपेक्षा आधी तो विचारा.

३) वीज कंपनीने गावठाणातल्या प्रत्येक डीपीचा न्यूट्रल आणि अर्थिंग पावसाळ्याआधी तपासून तारीख डीपीवर रंगवावी. रंगाचा एक डबा पुरतो.

४) दुकानदारांनी रिलेचं प्रोटेक्शन नसलेला अॅम्प्लिफायर विकताना तसं बिलावर लिहून द्यावं. आणि हो, बिल द्यावं!

आपण काय करायचं? लाईट गेली की अॅम्प्लिफायरचं बटण बंद करायचं, लाईट येऊन पाच मिनिटं स्थिर झाल्यावर चालू करायचं. झटके बसले, व्होल्टेज वाढलं तर १९१२ वर तक्रार करून नंबर लिहून घ्यायचा. तोंडी तक्रार ही तक्रार नसते. एकट्याची नोंद हरवते, गल्लीतल्या वीस जणांची हरवत नाही. त्यावरही दखल नाही घेतली तर वीज कायद्यानेच ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच दिलेला आहे, तिथे जायचं.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. दर १ मेला ग्रामसभा असते. पुढच्या ग्रामसभेत रस्ता-नाली झाल्यावर हात वर करा आणि एवढंच विचारा, "सरपंच, या माईकला अर्थिंग आहे का?"

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण आज रात्री लाईट गेल्यावर घरात कोणता आवाज येतो, पहिला, दुसरा की तिसरा, ते गावाच्या नावासह खाली लिहा. मालक कोण ते आपण मिळून शोधू.