उसन्या उदाहरणांचा धंदा



पंचवीस मिनिटांत पोरांची अक्कल मोजायचं यंत्र अमेरिकेनं काढलं होतं. २००५ साली तिथल्या कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत निबंध आला. घड्याळ लावायचं आणि सांगायचं — वाचनातली, अनुभवातली उदाहरणं दे, बाजू मांड. कागदावर सगळे समान. पण ज्याच्या घरात भिंतभर पुस्तकं, त्याच्या पेनातून उदाहरणं आपोआप उतरणार. बाकीच्यांनी ती शिकवणीत विकत घ्यायची.

एमआयटीच्या लेस पेरेलमन यांनी त्या निबंधांचे नमुने तपासले. निबंध जेवढा लांब, तेवढे मार्क जास्त. सन चुकला तरी मार्क कापायचे नाहीत, असा नियमच होता. म्हणजे उदाहरण खरं की खोटं, कोण विचारतो? भारदस्त दिसलं की झालं! २०११ च्या मार्चमध्ये रिअ‍ॅलिटी टीव्हीवर प्रश्न आला, तेव्हा अभ्यासू पोरं बोंबलली — आम्ही हे बघतच नाही! दुसऱ्याच्या घरातली उदाहरणं मागितली की कसं वाटतं, ते त्यांना एका सकाळी कळलं. आपल्याला पहिलीपासून कळतंय. मामाच्या गावची आंब्याची बाग आपणही लिहिली. मामा होता, बाग कुठं होती?

२०१६ ला तो निबंध ऐच्छिक झाला, २०२१ ला बंद पडला. शिकवणीचा धंदा मात्र बंद पडला नाही. इथला क्लासवालाही तोच माल देतो : एक महापुरुष, एक शास्त्रज्ञ, एक इंग्रजी सुविचार. कुठल्याही विषयाला चिकटवा. मी गोदीत पाळी करतो, माल ओळखतो. ज्या पेटीला कुठलंही लेबल चालतं, ती रिकामी असते.

मग उदाहरण कसं निवडायचं? मुक्ता साळवेकडं बघा. फुल्यांच्या शाळेतली चौदाएक वर्षांची मांगाची पोर. १८५५ साली तिचा मांगमहारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’त छापून आला. तिनं बाळंत होणाऱ्या बाया दाखवल्या, ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही. पेशवाईतले जुलूम नाव घेऊन सांगितले. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कुठला, असा थेट सवाल टाकला.

कुणी म्हणेल, रडगाण्याला मार्क नसतात. बरोबर आहे. मुक्ता रडत नाही, वाद घालते. तिचं प्रत्येक उदाहरण काहीतरी शाबीत करतं.

समजा विषय आला — कायद्यानं समाज बदलतो का? सार्वजनिक पाणवठे खुले करायचा बोल्यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं १९२४ ला चवदार तळं खुलं केलं. तरी ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह चालत जावं लागलं. ठराव होता, पाणी नव्हतं. हे एकच उदाहरण नीट उलगडा, अर्धं पान भरतं. नुसतं ‘महाडला क्रांती झाली’ लिहिलंत, तर तोही सुविचारच.

तेव्हा पहिली दोन-तीन मिनिटं लिहू नका. स्वतःला विचारा : हे मला नेमकं ठाऊक आहे का? यानं माझी बाजू शाबीत होते का? समोरचा याला काय उत्तर देईल? तिन्हीला टिकलं, तर उदाहरण चाळीतलं असो, नाक्यावरचं असो, बापाच्या पाठीवरच्या ओझ्याचं असो — बेधडक लिहा. तपासणाऱ्याला ते नवं वाटलं, तर शिकू दे त्याला.