आराखड्यात जमीन पिवळी झाली म्हणून पेढे वाटू नका, आधी आपला गट नंबर बघा

पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2025 च्या मे महिन्यात सुधारित विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला आणि हरकती-सूचनांसाठी 60 दिवस दिले. मुदत संपली तेव्हा जवळपास 50 हजार हरकती जमा झाल्या होत्या. शहराचा आराखडा, आपल्याला त्याचं काय, असं खेड, मावळ, मुळशीतल्या माणसानं म्हणू नये. मोशी, चिखली, चऱ्होली ही पण शेतीचीच गावं होती. 1997 ला महापालिकेत गेली. आज ना उद्या शहराच्या कडेच्या गावावर हीच पाळी येते, मग ती महापालिका असो नाहीतर तालुक्याची नगरपरिषद.

आराखडा म्हणजे काय, तर कुठल्या गटात काय करता येईल याचा रंगवलेला नकाशा. हिरवा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे रहिवासी. हिरव्याचं पिवळं झालं की गावात चर्चा सुरू होते, एकराचा भाव आता गुंठ्यावर बोलला जातो. यात खोटं काही नाही. रहिवासी पट्ट्यातल्या जमिनीला वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही. 1947 चा तुकडेबंदी कायदाही तिथं आडवा येत नाही. पण पिवळ्या रंगावर आणखी रेघा आणि शिक्के असतात, तिकडं कुणी बघत नाही. शाळा, बाग, दवाखाना, पाण्याची टाकी यांची आरक्षणं आणि नवे रस्ते.

हिशोबच मांडून बघा. दहा गुंठ्यांचा तुकडा म्हणजे साधारण 40 मीटर बाय 25 मीटर. त्यातून 18 मीटरचा रस्ता आडवा गेला तर 450 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार गुंठे गेले. वीस एकरवाल्याचे तेवढेच गेले तर त्याला बाकीच्या जमिनीला रस्ता मिळतो, भाव वाढतो. दहा गुंठेवाल्याचं मात्र निम्मं रान जातं. रेघ एकच असते, पण एकाला ती लॉटरी लागते आणि दुसऱ्याचं घर बसतं. म्हणून "गावाचा फायदा झाला" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठल्या गटाचा?

मोबदला मिळतोच ना, असं म्हणतील. मिळतो. पण तो रोख असेलच असं नाही. बऱ्याचदा टीडीआर देऊ करतात. म्हणजे तुमच्या गेलेल्या जमिनीच्या बदल्यात बांधकामाचा हक्क देणारा कागद. आपण काही दहा मजली इमारत बांधणार नाही, तो कागद बिल्डरलाच विकावा लागतो, आणि त्याचा भाव तोच ठरवतो. आरक्षण टाकून जागा घेतलीच नाही, तर अंतिम आराखड्यानंतर 10 वर्षं थांबा, मग कलम 127 खाली खरेदीची नोटीस द्या, त्यावर 24 महिने वाट बघा. तेव्हा कुठं जमीन मोकळी होते. पोराचं लग्न, विहीर, कर्ज, सगळं त्या काळात थांबतं. आरक्षणाच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही, मिळालं तर पडत्या भावानं.

दुसरं उदाहरण पीएमआरडीएचं. 2021 ला त्यांनी मसुदा जाहीर केला, हरकती 67 हजारांच्या आसपास गेल्या, सुनावण्या झाल्या, आणि 2025 मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. मसुद्यातला रंग बघून ज्यांनी इसार दिला-घेतला त्यांनी काय करायचं? मसुदा म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे. हे एजंट सांगत नाही. त्याला शिवारात फिरायची घाई असते, आणि नेमका आराखडा जाहीर व्हायच्या आधीच त्याला तुमची जमीन का हवी होते, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

तिसरी गल्लत तुकड्यांची चाललीय. 2025 च्या नोव्हेंबरात शासनाने अध्यादेश काढून जुने तुकडे फुकटात नियमित करायची वाट मोकळी केली. चांगलंच झालं, गुंठा-दोन गुंठे घेऊन अडकलेले लोक सुटतील. पण सातबाऱ्यावर नाव लागणं वेगळं आणि घर बांधायची परवानगी वेगळी. तुकडा नियमित झाला म्हणून त्यावरचं आरक्षण उठत नाही. प्लॉट घेणाऱ्यानं हे दोन्ही कागद वेगवेगळे मागावेत.

मग करायचं काय? मसुदा जाहीर झाल्याची नोटीस राजपत्रात आणि पेपरात येते, मुदत तिच्यातच लिहिलेली असते. त्या काळात नकाशा कार्यालयात बघायला मिळतो, आता बऱ्याच ठिकाणी वेबसाइटवरही टाकतात. मोबाइलवर झूम करून भागत नाही, कारण गटाच्या हद्दी तिथं धड दिसत नाहीत. सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन जा आणि आपला गट शोधा. हरकत साध्या कागदावर चालते. गाव, गट नंबर, क्षेत्र, काय पडलंय आणि त्यानं काय नुकसान होतंय ते लिहा. आणि पर्याय द्या. "आमचं आरक्षण काढा" एवढंच लिहिलं तर समितीसमोर त्याला वजन राहत नाही. शेजारी सरकारी पड असेल, रस्ता बांधाच्या कडेनं नेता येत असेल, तर तसं नकाशावर रेघ मारून दाखवा. पोहोच घ्या, तारखेचा शिक्का बघून घ्या. ग्रामपंचायतीची एकत्र हरकत द्या, पण तिच्या भरवशावर आपली स्वतःची द्यायची राहू देऊ नका. पुढं नियोजन समितीपुढं सुनावणी होते, तिथं हजर राहा. त्या दिवशी कांदा काढायचा असला तरी.

आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे आजच टाका (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच). हरकत कुणालाही घेता येते, पण मोबदल्याच्या वेळी ज्याचं नाव त्यालाच नोटीस जाते.