सवलतीचा भाव आणि खरा भाव

कापडाच्या धंद्यात उभे आयुष्य गेले. त्यात एक गोष्ट शिकलो : सेलचा भाव हा खरा भाव नव्हे. सेल उठला की गिऱ्हाईक पाठ फिरवते. इंधन आणि विजेच्या गाड्या यांच्या बाबतीत सरकारने असेच सेल लावले आणि उठवले.

आधी डिझेल पाहू. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचे दर नियंत्रणमुक्त झाले. जगात तेल उतरले की आपल्याकडेही उतरेल, असे वाटले. पण एप्रिल २०२० मध्ये कच्चे तेल मातीमोल झाले आणि मे महिन्यात केंद्राने लिटरमागे पेट्रोलवर १०, डिझेलवर १३ रुपये वाढवले. डिझेलवर केंद्राचाच कर ३१ रुपये ८३ पैसे झाला. राज्याचा व्हॅट वेगळा. जगातली स्वस्ताई पंपापर्यंत आलीच नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये मिळून डिझेलवरचे १६ रुपये उतरवले.

त्यात हे इंधन जीएसटीबाहेर. सुतावर भरलेला जीएसटी आम्हाला वजा मिळतो; भिवंडीहून माल आणणाऱ्या टेम्पोच्या डिझेलवरचा कर मिळत नाही. तो भाड्यात चढतो आणि भाडे कापडावर.

साहजिकच नजर विजेच्या गाडीकडे वळते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जून २०२१ मध्ये 'फेम' योजनेत दुचाकीचे अनुदान वाढले, किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत. विक्री भराभर वाढली. मग १ जून २०२३ पासून ही मर्यादा १५ टक्के झाली आणि सूचना मिळाली जेमतेम पंधरवडा आधी. मे महिन्यात देशात लाखावर दुचाकींची नोंदणी झाली होती, जूनमध्ये ती निम्म्याहून खाली गेली. मेमध्ये लोकांनी घाईने खरेदी केली, हे खरे. पण गाडी तीच, रस्ता तोच. बदलला तो फक्त भाव.

मोटारींचेही तसेच. 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्यात खासगी मोटारीला केंद्राचे रोख अनुदान नव्हते. तिला आधार करातल्या फरकाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि तो फरक आखडला.

अनुदान देऊ नका, असे मी म्हणत नाही. धुराची किंमत शेवटी आपल्या मुलांचीच छाती मोजते. तक्रार आहे ती अचानकपणाची. कारागीर चार-पाच वर्षांच्या हप्त्यावर टेम्पो घेतो. त्याचा हिशेब पंधरा दिवसांत मोडता कामा नये. सवलत कधी, किती कमी होणार, हे सरकारने आधीच जाहीर करावे. डिझेल जीएसटीत आणायला राज्ये कचरतात, कारण व्हॅट हे त्यांचे हुकमी उत्पन्न आहे. मग निदान मालवाहतुकीच्या डिझेलवरचा कर तरी व्यापाऱ्याला वजा मिळावा.

तोवर बंधूंनो, गाडी घेताना अनुदान शून्य धरून हिशेब मांडा. रोजचा फेरा ठरलेला असेल आणि रात्री चार्जिंगची सोय असेल, तर अनुदानाशिवायही हिशेब जुळतो का, ते पाहा. जुळला तर जरूर घ्या. न जुळला, तर तो सौदा तुमचा नव्हे, सेलचा आहे.