शुक्रवारी रात्रीचं भांडण

भाच्याला सरकारी नोकरी लागली म्हणून परवा ताईकडे पेढे खायला जमलो होतो. पेढा तोंडात जायच्या आत ताईचा हुकूम सुटला, "आता विसर्जनाला कुठे धक्काबुक्कीत सापडू नकोस हं!" सगळे हसले. काका तेवढे हसले नाहीत.

काकांची गोष्ट नातलगांना पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगतो (त्यांना विचारूनच लिहितोय). २००४ साली एका शुक्रवारी रात्री सोसायटीत पाण्यावरून भांडण झालं. ढकलाढकलीत शेजाऱ्याचा दात पडला. तक्रारीत काठी आली, त्यामुळे कलम असं लागलं की जामीन लगेच मिळेना. मध्ये शनिवार-रविवार. सोमवारी दुपारी काका सुटले. काठी कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता गंमत बघा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला, की अटकेच्या दिवसापासून निलंबित झालाच असं मानलं जातं. गुन्हा ऑफिसशी संबंधित असो वा नसो. म्हणजे हेच भांडण मंगळवारी झालं असतं आणि बुधवारी जामीन झाला असता, तर ही आपोआपची तलवार पडली नसती!

मग सुरुवातीला अर्ध्या पगाराच्या हिशोबाने निर्वाह भत्ता. काकूने दुधाचा रतीब निम्मा केला होता, ते मला आठवतं. पुढे काका कामावर परतले, पण खटला चालू, म्हणून बढतीचा निर्णय सीलबंद पाकिटात. निर्दोष सुटायला चार वर्षं लागली. तोवर त्यांनी शिकवलेला मुलगा त्यांचा साहेब झाला होता.

सुटीच्या वेळेत काय वाटेल ते करावं असं माझं म्हणणं नाही. वर्तणूक नियमांत सरकारी कर्मचाऱ्याला न शोभणारं काही करू नये असं आहे, ते सदासर्वकाळ लागू आहे, आणि ते मला पटतं. एसटीचा ड्रायव्हर रविवारी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, तर सोमवारी त्याच्या हाती बस द्यावी का, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तिथे कुणीतरी विचार करतं. इथे घड्याळ ठरवतं. ४८ तास झाले तरी आधी साहेबाने प्रकरण वाचावं, कामाशी संबंध काय ते बघावं, आणि मग निलंबन करावं की नाही ते लिहून द्यावं. एवढी अपेक्षा जास्त आहे का?

काकू म्हणते, तू शासनाला शहाणपण शिकवू नकोस. असो.

भाचा ढोलपथकात आहे. यंदा जायचं की नाही, हे त्याने काकांना विचारलं. काकांनी वेळ, मार्ग आणि बरोबर कोण कोण आहे ते विचारून घेतलं, आणि जा म्हणाले.