आईकडचें गोत्र

संध्येंत आपण ज्या गोत्राचा उच्चार करतों तें पित्याच्या कुळाचें. मुलगी सासरीं गेली म्हणजे तिचें गोत्रही बदलतें. परंतु आपल्या देहांत एक वारसा असा आहे कीं तो मातेकडूनच येतो. पेशींमध्यें मायटोकॉन्ड्रिया नांवाचे सूक्ष्म कण असतात. अन्नांतील शक्ति कामास जुंपणें हें त्यांचें कार्य. त्यांच्यापाशीं स्वतःचा छोटासा डीएनए असतो, आणि पित्याच्या वारशाशीं न मिसळतां तो आईकडून अपत्याकडे उतरतो. क्वचित् त्यांतील एखादें अक्षर बदलतें. त्या बदलांवरून कोण कोणाच्या माहेरचें हें ओळखतां येतें.

या धाग्यानें उलगडलेल्या एका हकीकतीची नायिका अगदींच क्षुद्र आहे : डॅफ्निया, म्हणजे पाण्यांतली पिसू. नांवानें पिसू, परंतु कूळ झिंग्या-खेकड्यांचें. गोड्या पाण्यांत ती झटके देत पोहते. लांबी दोन-तीन मिलिमीटर, आणि अंग इतकें पारदर्शक कीं भिंगाखालीं हृदयाची धडधड दिसते. तिच्या मायटोकॉन्ड्रियांतील १५,३३३ अक्षरांचा लेख १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जनुकें ३७, मानवांतही तितकींच.

सुकाळांत ही मादी नरावांचून प्रजा वाढविते, आणि लेकी आईच्या हुबेहूब प्रती असतात. वाईट दिवसांची चाहूल लागली म्हणजे नर जन्मतात, मीलन होतें, आणि जाड वेष्टणांतलीं अंडीं तळच्या गाळांत वर्षानुवर्षें निजून राहतात. कांहीं वंशांनीं मात्र नरांस कायमचीच रजा दिली आहे.

असाच एक अमेरिकन वंश केनियांतील नैवाशा सरोवरांत शिरला. १९२० नंतरच्या दशकांत तेथें अमेरिकेंतून बास मासे आणून सोडले होते. त्यांच्याबरोबरच ही पाहुणी आली असावी. बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनीं गाळाच्या थराथरांतील जुनीं अंडीं तपासून २००६ सालीं दाखविलें कीं, पाहुणी आल्यापासून साठ वर्षांच्या आंत सरोवरांतील मूळच्या पिसवा नाहींशा झाल्या. त्यांची संख्या प्रचंड होती, त्यांच्यांत वैविध्य होतें, गाळांत अंड्यांची शिल्लकही होती; तरी त्या हरल्या! पुढें त्यांच्या आफ्रिकेंतील साऱ्या प्रदेशांत हा एकच वंश पसरला. तो दोन जातींच्या संकरांतून झालेला आहे. हें मात्र एकट्या मातृधाग्यावरून कळलें नसतें. त्यासाठीं पेशीकेंद्रांतील डीएनएची साक्ष घ्यावी लागते.

मग पिसवांना नर हवेत तरी कशाला? गंमत अशी कीं, त्याच साली सुझॅन पालांड आणि मायकेल लिंच यांनीं अमेरिकन डॅफ्नियांच्या मातृधाग्यांतच याचें उत्तर शोधलें. नरहीन वंशांच्या मायटोकॉन्ड्रियांतील प्रथिनांत अपायकारक बदल चौपट वेगानें सांचतात, असा त्यांचा अंदाज निघाला. मीलनानें दरपिढीस पत्ते पिसले जातात व वाईट पान वेगळें पडून गळतें. नरहीन वंशांत सारा वारसा एकाच गांठोड्यांत बांधलेला. चांगल्याच्या आडोशानें वाईटही टिकतें.

नैवाशाच्या विजयिनीलाही हा कर चुकेल असें मला वाटत नाहीं. तिला येऊन अद्याप शंभरेकच वर्षें झालीं आहेत.