"बॉलकडं बघ की!"

मंडळी, हिंगोली घ्या, वसमत घ्या, नाहीतर कळमनुरी. संध्याकाळी मोकळ्या जागेत पोरं क्रिकेट खेळत असली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, बॉलकडं बघ की!" सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

कारण बॉल बॅटला लागेपर्यंत नजरेत धरून ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. बेसबॉलमध्ये बॉल १८.४४ मीटरवरून फेकतात. ताशी दीडशे किलोमीटरचा बॉल सुमारे ०.४ सेकंदात पोचतो. १९८४ साली बाहिल आणि लारिट्झ यांनी मोजून पाहिलं, तर व्यावसायिक खेळाडूचीही नजर शेवटच्या साडेपाच फुटांत मागे पडली!

आपल्या क्रिकेटमध्ये तर बॉल टप्पा खातो. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅकलाऊड यांनी फलंदाजांच्या डोक्याला कॅमेरा बांधून नजर कुठे जाते ते टिपलं. फलंदाज बॉल सुटताना बघतो, मग नजर उडी मारून टप्प्याच्या जागी आधीच जाऊन थांबते. टप्प्यानंतर बॉल क्षणभर दिसला की बॅट कुठे न्यायची ते ठरतं. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते.

म्हणजे नुसत्या नजरेचं काम नाही हे, अंदाजाचं आहे. आणि अंदाज बॉल खेळूनच येतो.

आता आपल्या मैदानांवर बघा. खाली मुरूम, टप्प्याचा भरवसा नाही. कच्चं पोरगं तासभर काट्याकुट्यातून बॉल आणून देतं. अंधार पडायला लागला की त्याचा नंबर. दोन बॉलात आउट, वर बोलणी, "डोळे कुठं होते रे?" अहो, त्याचे डोळे चांगले आहेत, खेळलेले बॉल कमी आहेत!

माझं मत विचाराल तर कच्च्या पोराला पहिली बॅटिंग द्यावी, उजेड आहे तोवर. आउट झालं तरी दहा बॉल पुरे करू द्यावेत. आणि सांगायचंच तर एवढं सांगावं: बॉल हातातून सुटताना बघ, टप्पा बघ, डोकं हलवू नको, बॉल जवळ येऊ दे.

दिवाळीत भाचरं गावी आली की करून बघा. सगळ्यात धाकट्याच्या हाती आधी बॅट द्या.